दोन्ही घरचा पाहुणा

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयावरची पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पाचही नागपूरची आहेत आणि एका पात्रात एकापेक्षा अधिक क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, मिसळण्याचा प्रश्न पाचही पत्रांत या ना त्या वाटेने आलेला आहे. ‘क्लास’ऐवजी ‘पेशा’, ‘वर्ग’ किंवा ‘वर्ण’ असे शब्द वापरावेत, अशी सूचना काही वाचक नेहमी करतात. त्यांचा मान राखूनही मी खेळणाऱ्यांच्याच तोंडचा शब्द ठेवला आहे, कारण ‘माझा वर्ण विझार्ड आहे’ असे लिहिण्याचे धाडस मला होत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र गेल्या उन्हाळ्यापासून बाल्डर्स गेट ३ ऑनलाइन एकत्र खेळत आहोत. दुपारी बाहेर पडण्याची सोय नसल्यामुळे खेळ बराच पुढे गेला. माझे पात्र फायटर होते. तिसऱ्या लेव्हलनंतर मला जादूही हवीशी वाटली, म्हणून विझार्डच्या दोन लेव्हल घेतल्या. आता चौघेही पाचव्या लेव्हलवर आहोत, पण लढाईत माझा काहीच उपयोग होत नाही. मित्र मला ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ म्हणतात. माझे नेमके काय चुकले आणि आता सगळे मोडून पुन्हा सुरुवात करावी लागेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मित्रांनी म्हण अचूक वापरली आहे, पण पाहुणा उपाशी का राहिला हे त्यांनी तुम्हाला सांगितलेले दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला हा खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे आणि त्या नियमांत दोन मोजण्या एकाच वेळी चालू असतात. पात्राची एकूण लेव्हल ही पहिली मोजणी आणि प्रत्येक क्लासमधली स्वतंत्र लेव्हल ही दुसरी. प्रावीण्याचा बोनस एकूण लेव्हलवर ठरतो, त्यामुळे तो तुम्हाला मित्रांइतकाच मिळतो आहे. पण फायटरला एका खेळीत दुसरा वार करू देणारे ‘एक्स्ट्रा अटॅक’ हे फायटरच्या पाचव्या लेव्हलला मिळते, आणि फायरबॉलसारख्या तिसऱ्या श्रेणीच्या मंत्रांचे दार विझार्डच्या पाचव्या लेव्हलला उघडते. तुमच्याकडे तीन आणि दोन अशा लेव्हल आहेत, म्हणजे बेरीज पाच झाली तरी पाचव्या पायरीवरचे काहीही तुमच्या हाती आलेले नाही. त्यात आणखी एक नुकसान असे आहे, जे बहुधा तुमच्या लक्षातही आले नसेल. पात्राला खास गुण देणारी ‘फीट’ ही त्या त्या क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते. तुमच्या तिन्ही मित्रांनी एकाच क्लासमध्ये राहून ती एक लेव्हल आधीच घेतली असणार, आणि तुमचा एकही क्लास चारपर्यंत पोहोचलेला नाही.

याशिवाय गुणांचीही ओढाताण आहे. तलवार चालवणाऱ्या फायटरला शक्ती लागते आणि विझार्डला बुद्धी. सुरुवातीला वाटायला मिळणारे गुण मर्यादित असल्यामुळे दोन्हींकडे थोडे थोडे दिले, की तलवारीचा नेमही चुकतो आणि शत्रू मंत्रालाही दाद देत नाही.

म्हणून मिश्रण करताना मी एकच प्रश्न आधी विचारते : जी गोष्ट मला हवी आहे, ती दुसऱ्या क्लासच्या पहिल्या एक-दोन लेव्हलमध्येच पूर्ण हाती येते का, आणि पुढे ती एकूण लेव्हलबरोबर आपोआप वाढते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर पाहुणा दोन्ही घरी जेवतो. वॉरलॉक आणि सॉर्सरर या जादू करणाऱ्या दोन क्लासचे मिश्रण, ज्याला खेळाडू लाडाने ‘सॉरलॉक’ म्हणतात, ते याच कारणाने गाजले. वॉरलॉकच्या पहिल्या लेव्हलला मिळणाऱ्या ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ या मंत्राचे किरण एकूण लेव्हलप्रमाणे वाढतात. या खेळात पाचव्या लेव्हलला दोन आणि दहाव्या लेव्हलला तीन. त्या प्रत्येक किरणात पात्राच्या करिष्म्याचा आकडा मिळवणारी शक्ती वॉरलॉकच्या दुसऱ्याच लेव्हलला घेता येते. सॉर्सररलाही करिष्माच लागतो, शिवाय तो मंत्राचा वेग वाढवून एका खेळीत हा मारा दोनदा करू शकतो. कमाल बारा लेव्हलपैकी दोन वॉरलॉकच्या घेऊन उरलेल्या दहा सॉर्सररला दिल्या, तर वॉरलॉकची भूक त्या दोनांतच भागलेली असते.

आता तुमच्यापुरते. सगळे मोडण्याची गरज नाही. तुमच्या तळावर येणारे विदर्स नावाचे पात्र १०० सुवर्णनाणी घेऊन क्लास आणि गुण नव्याने मांडू देते, आणि एवढी नाणी पाचव्या लेव्हलपर्यंत कोणाकडेही साठलेली असतात. जादू खरोखर हवी असेल तर पहिली लेव्हल फायटरची ठेवा, मात्र गुण बुद्धीकडे वळवा आणि पुढे विझार्डच वाढवत न्या. पहिली लेव्हल फायटरचीच असावी यामागे ठोस कारण आहे : जड चिलखत वापरण्याची मुभा, आणि घाव बसल्यावरही चालू मंत्रावरचे चित्त ढळू न देणारे शरीरबळाचे प्रावीण्य, या दोन्ही गोष्टी फायटर हा *पहिला* क्लास असेल तरच मिळतात, नंतर घेतला तर मिळत नाहीत. फायरबॉल मित्राच्या विझार्डपेक्षा एक लेव्हल उशिरा येईल, तेवढे सोसावे लागेल.

पुढे फायटरची दुसरी लेव्हल घ्यावी का, यावर मतभेद आहेत. बाराव्या लेव्हलला पात्राची वाढ थांबते. फायटर-विझार्ड असे एक-अकरा वाटप केले तर सहाव्या श्रेणीचे मंत्र मिळतात. दोन-दहा केले तर ते जातात, पण ‘ॲक्शन सर्ज’ मिळतो आणि एकाच खेळीत दोन फायरबॉल टाकता येतात. दोन्ही वाटपांत विझार्डची बारावी लेव्हल गाठली जात नाही, म्हणून तिसरी फीट दोन्हींकडे बुडते. माझा कल दोन-दहाकडे आहे. लढाई बहुधा पहिल्या दोन खेळ्यांतच कोणाच्या तरी बाजूने झुकते, आणि सहाव्या श्रेणीचा एकुलता एक मंत्र ‘पुढे लागेल’ म्हणून जपून ठेवणारे आणि शेवटी न वापरताच खेळ संपवणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत मीही एक आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. रात्री हेडफोन लावून तो मित्रांशी बोलतो तेव्हा ‘मी दोन क्लास सोबत घेतले’, ‘एक क्लास सोडून दे, फायदा नाही’ अशी वाक्ये ऐकू येतात. मला आधी वाटले की शिकवणीविषयी बोलणे चालू आहे, कारण दोन्ही क्लासची फी आम्ही भरलेली आहे. परवा तर तो ‘मी सुरुवातीलाच रोग घेतला होता’ असे म्हणाला. हे सगळे खेळातलेच आहे ना?
— एक आई, महाल

उत्तर : खेळातलेच आहे, निश्चिंत असावे. ‘रोग’ हा कुलपे उघडणारा, सापळे निकामी करणारा आणि पाठीमागून वार करणारा क्लास आहे. त्याचा उच्चार आपल्याकडे असा व्हावा याला इलाज नाही. तो सुरुवातीला घेतला, हे तर समजूतदारपणाचे लक्षण आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत, आणि त्या नियमांवर बेतलेल्या २००६ सालच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन या खेळात, पहिल्या लेव्हलला कौशल्याचे गुण चौपट मिळतात आणि रोगला ते इतर क्लासपेक्षा जास्त असतात. म्हणून पुढे ज्याला तलवारबाज किंवा विझार्ड व्हायचे आहे तोही पुष्कळदा पहिली लेव्हल रोगची घेतो. ‘एक क्लास सोडून दे’ हे वाक्य मात्र नक्की कोणत्या क्लासविषयी होते, ते एकदा विचारून घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : २००६ च्या सुमारास सीताबर्डीवरच्या एका सायबर कॅफेत मी गिल्ड वॉर्स खेळत असे. मंक हा मुख्य प्रोफेशन (तेथे क्लासला हेच नाव) आणि त्याला जोडून दुसरा, अशी माझी जोडी होती, आणि जेमतेम ५५ आरोग्य असलेले ते पात्र एकट्याने शत्रूंचे थवे झेलत असे. आज चाळिशीत पुन्हा खेळायला बसलो तर दुसऱ्या भागात जोडीची सोयच नाही. एवढी चांगली कल्पना बनवणाऱ्यांनी का सोडली?
— एक व्यावसायिक, सदर

उत्तर : तुमच्या ५५ च्या मंकमध्येच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, म्हणून त्याचे गणित ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी मांडते. विसाव्या लेव्हलला पात्राचे मूळ आरोग्य ४८० असे. चिलखताच्या पाच भागांवर सर्वांत वरच्या दर्जाचे पाच रून लावले की गुण वाढत, पण प्रत्येक रूनमागे आरोग्य ७५ ने घटे. पाच रूनचे ३७५ वजा जाता १०५ उरत, आणि ५० आरोग्य कमी करणारी एक वस्तू डाव्या हातात घेतली की ५५. ज्या गोष्टी इतरांनी तोटा म्हणून टाळल्या, त्याच येथे मुद्दाम गोळा केलेल्या असत, कारण मंककडे ‘प्रोटेक्टिव्ह स्पिरिट’ हा मंत्र होता : तो चालू असताना एका घावात कमाल आरोग्याच्या दहा टक्क्यांहून अधिक हानी होऊ शकत नसे. राक्षस कितीही मोठा असो, घाव पाचाचाच बसणार, आणि सतत भरून येणारे आरोग्य तो पाचाचा खड्डा बुजवणार. दुय्यम प्रोफेशन जागेनुसार बदलत असे. अशा पात्राला शत्रूच्या ताकदीची भीती नसे. त्याचे मंत्र उतरवणारा किंवा आरोग्य थेट शोषून घेणारा एखादा किरकोळ शत्रू मात्र त्याला क्षणात संपवी, हे तुम्हालाही आठवत असेल.

एप्रिल २००५ मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्सने मिश्रणाला शिस्तही चांगली लावली होती. प्रत्येक प्रोफेशनचा एक खास गुण फक्त मुख्य प्रोफेशन म्हणून घेणाऱ्यालाच मिळे, चिलखतही मुख्य प्रोफेशनचेच असे, आणि कौशल्ये कितीही शिकलात तरी लढाईला निघताना आठच बरोबर नेता येत. या आठाच्या मर्यादेला मी त्या खेळाचे खरे वैभव मानते. तेथे लेव्हल दुर्मीळ नव्हती, जागा दुर्मीळ होती. दुसऱ्या प्रोफेशनचे एक कौशल्य घेणे म्हणजे पहिल्याचे एक घरी ठेवणे, हा हिशेब प्रत्येकाला स्वतःच करावा लागे.

पण बनवणाऱ्यांच्या बाजूने पाहा. आरंभी सहा प्रोफेशन होते, म्हणजे मुख्य आणि दुय्यम मिळून ३० जोड्या. पुढच्या वर्षी त्याच खेळात आलेल्या दोन नव्या मोहिमांनी ते दहा केले आणि जोड्या ९० झाल्या. कौशल्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. एका प्रोफेशनसाठी घडवलेले नवे कौशल्य उरलेल्या नऊ जणांच्या हातात काय करील, हे आधी तपासायचे म्हणजे इतवारीच्या गर्दीत सुटलेले मांजर शोधण्यासारखे होते. एखादे कौशल्य दुय्यम म्हणून घेणाऱ्यांच्या हाती फार प्रबळ ठरले म्हणून ते कमी करावे, तर शिक्षा मुख्य प्रोफेशनवाल्यालाही होते. २०१२ च्या दुसऱ्या भागात जोडी काढून टाकण्यामागचे मोठे कारण मला हेच वाटते.

जपानमध्ये २००२ साली आलेल्या फायनल फँटसी ११ ने हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला, आणि माझ्या मते तो तोडगा आजही सर्वांत नेटका आहे. मुख्य जॉबला (क्लासचे तेथले नाव) एक सहायक जॉब जोडता येई, पण सहायकाची लेव्हल मुख्याच्या निम्मीच धरली जाई. कित्येक वर्षे कमाल लेव्हल ७५ होती, म्हणून सहायक ३७ वर अडे. जोड घेणाऱ्याला नवशिक्याची विद्या मिळे, उस्तादाची नाही. गंमत अशी, की निन्जाची ‘उत्सुसेमी : नी’ ही स्वतःच्या छाया उभ्या करून वार चुकवणारी विद्या नेमकी निन्जाच्या ३७ व्या लेव्हलला शिकता येई, आणि त्यामुळे निन्जा हा निम्म्या खेळाडूंचा ठरलेला सहायक होऊन बसला. त्याच छायांच्या बळावर खेळाडूंनी मुख्य निन्जालाही टँक म्हणून, म्हणजे सर्वांच्या वतीने मार झेलणारा म्हणून, पुढे उभे केले. नियम कितीही नेटका असो, कुंपणाला भोक कोठे आहे ते खेळणारे शोधतातच.

२००४ चे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या वाटेला गेलेच नाही. तेथे क्लास कायमचा ठरतो आणि मिश्रणाची हौस ड्रुइडसारख्या एकाच क्लासच्या आत भागवली जाते, जो निवडीप्रमाणे मार झेलू शकतो, मारू शकतो किंवा जखमा भरू शकतो. या खेळाच्या यशानंतर बहुतेकांनी तीच सुरक्षित वाट धरली. तुमच्या जुन्या जोडीची सर त्याला नाही, हे मला मान्य आहे.

प्रश्न : नातू सांगतो, की आर्चेज नावाच्या खेळात दहा कौशल्यगटांतून तीन निवडले की आपला क्लास तयार होई आणि असे १२० क्लास होते. गणित बरोबर आहे, मी कागदावर करून पाहिले. परंतु क्रम बदलला तर क्लास बदलतो का, याचे उत्तर त्याला देता आले नाही.
— निवृत्त गणित शिक्षक, इतवारी

उत्तर : बदलत नाही, आणि म्हणूनच उत्तर ७२० ऐवजी १२० येते. तीन गट कोणत्याही क्रमाने घ्या, क्लास तोच आणि त्याचे नावही तेच. त्या १२० पैकी प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिलेले होते. वरच्या पत्रातल्या गिल्ड वॉर्समध्ये मात्र क्रमाला अर्थ होता : मुख्य मंक, दुय्यम वॉरियर आणि मुख्य वॉरियर, दुय्यम मंक ही दोन निरनिराळी पात्रे होत. म्हणून दहातून दोन निवडण्याचे तेथील उत्तर ४५ येत नाही, ९० येते. पहिल्या पत्रातल्या खेळाची गंमत याहून निराळी आहे, कारण तेथे फक्त पहिल्या लेव्हलच्या क्रमाला महत्त्व आहे. पुढच्या लेव्हल मागेपुढे घेतल्या तरी शेवटी पात्र बहुतांशी तेच होते, वाटेतले हाल तेवढे वेगळे. नातवाला पुढचा प्रश्न म्हणून हा द्यावा : बारा क्लास, बारा लेव्हल, बरोबर दोन क्लास घ्यायचे आणि पहिली लेव्हल कोणाची ते महत्त्वाचे, तर अंतिम पात्रे किती? मी १,४५२ धरले आहे. चुकले असल्यास अवश्य कळवावे.

प्रश्न : मी एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये सुरुवातीपासून टेम्प्लर क्लासची हीलर, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारी, आहे. जून २०२५ च्या बदलानंतर इतर क्लासच्या स्किल लाइन, म्हणजे कौशल्यांचे गट, घेता येऊ लागल्या, आणि आता आमच्या गिल्डमधले (खेळाडूंच्या संघातले) लोक मला दोन लाइन बदलायला सांगत आहेत. माझे म्हणणे असे, की इतकी वर्षे टेम्प्लर म्हणून खेळल्यावर टेम्प्लरपणच सोडायचे तर उरले काय? मी हट्टी आहे का?
— बँक कर्मचारी, धरमपेठ

उत्तर : हट्टी नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. आधी नियम स्पष्ट करते. पन्नासाव्या लेव्हलनंतर पात्राच्या तीन क्लास-लाइनींपैकी जास्तीत जास्त दोन इतर क्लासच्या लाइनींनी बदलता येतात. स्वतःची किमान एक ठेवावीच लागते. टेम्प्लरच्या तीन लाइनींपैकी ‘रिस्टोअरिंग लाइट’ ही जखमा भरणारी, आणि ती काढायला कोणताही शहाणा गिल्डप्रमुख सांगणार नाही. प्रश्न उरतो तो भाल्याच्या आणि सूर्यतेजाच्या लाइनींचा. तुम्ही ट्रायल या बारा जणांच्या मोहिमेत पूर्णवेळ हीलर म्हणून उभ्या राहत असाल, तर त्या दोन्हींतली किती कौशल्ये लढाईत हाताशी असणाऱ्या तुमच्या पट्टीवर प्रत्यक्ष असतात ते मोजा. दोन पट्ट्यांवर मिळून दहा जागा आणि दोन अल्टिमेट (सर्वांत प्रबळ कौशल्ये), याहून अधिक काही बरोबर नेता येत नाही. भाल्याच्या लाइनीतले एखादेच कौशल्य तुम्ही वापरत असाल, तर तिच्या जागी वॉर्डनची ‘ग्रीन बॅलन्स’ ही उपचाराची लाइन घेतल्याने तुमचे टेम्प्लरपण फारसे हलत नाही. पोशाख तोच राहतो, मुख्य मंत्र तेच राहतात.

दोन्ही लाइन बदलण्याचा आग्रह मात्र मला उतावीळपणाचा वाटतो. दोन परक्या लाइनींची कौशल्ये दहा जागांत बसवताना, वर्षानुवर्षे हाताला पडलेले वळण मोडते, आणि हीलरचे वळण मोडले की त्याची किंमत उरलेल्या अकरा जणांना मोजावी लागते. मारा करणाऱ्याने चूक केली तर शत्रू थोडा उशिरा पडतो. तुमची एक चूक झाली तर सगळेच पडतात. गिल्डला सांगा, की या महिन्यात एकच लाइन बदलते आणि ती आधी चार जणांच्या डन्जनमध्ये वापरून पाहते. तेथे तुमची बोटे न बघता चालू लागली, की मगच ट्रायलला न्या. दुसऱ्या लाइनीचा विषय त्यांनी पुन्हा काढला, तर तिच्यातले नेमके कोणते कौशल्य तुमच्या दहांपैकी कोणत्या जागी बसवायचे आहे, ते त्यांच्याकडून नावानिशी लिहून घ्या.